अर्पणाची पिशवी आणि रुग्णालयाची खाट

गेल्या पावसाळ्यात विंचूरकडील एका शेतकरी कुटुंबातील वृद्ध गृहस्थ आमच्या पुरुष कक्षात अकरा दिवस होते. घरी नेण्याच्या दिवशी त्यांच्या मुलाने देयक हाती घेतले, त्यातील सवलतीची ओळ दोनदा वाचली आणि खिडकीपाशी बसलेल्या आमच्या कर्मचारी भगिनीस विचारले, "ताई, हे पैसे भरले कोणी? अन् त्यांना आमच्याकडून काय पाहिजे?"

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर जमाखर्चात आहे आणि तो लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह याच अहवालात छापला आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. मागे रांग उभी असताना आमच्या भगिनीने जे दोन शब्द सांगितले, त्यांनी त्या मुलाचे समाधान झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणून विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून हा लेख या वर्षीच्या अहवालात घालीत आहोत.

आपल्या देणगीदारांत सर्व समाजांचे लोक आहेत. बाजार समितीतील व्यापारी व अडते आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले लासलगावकर आहेत. या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु दरमहा न चुकता येणाऱ्या लहान रकमांची यादी काढली, तर तीत परिसरातील ख्रिस्ती मंडळींच्या सभासदांची नावे पुष्कळ आढळतात. आणि लोकांच्या मनातील प्रश्नही बहुधा त्यांच्याविषयीच असतात. पैसा परदेशातून येतो का, मोबदल्यात कोणास काही करावे लागते का, असे रुग्णांचे नातेवाईक कधी स्पष्ट तर कधी आडून विचारतात. विचारणाऱ्याचा आम्हांस राग येत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूकडे संशयाने पाहणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठी ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो, तेव्हा त्यास उपासनेची इमारत अभिप्रेत नसते. एकत्र जमून उपासना करणारी माणसे अभिप्रेत असतात. या मंडळीच्या रविवारच्या उपासनेत एक वेळ अशी येते की गीत चालू असताना बाकांच्या रांगांमधून कापडी पिशवी फिरते. ताटाऐवजी पिशवी वापरण्यात पुष्कळ ठिकाणी एक हेतू असतो. पिशवीत हात आत जातो आणि बाहेर येतो. कोणी काय टाकले हे शेजाऱ्यास दिसत नाही. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये ही जी शिकवण आहे, तिची सोय शिंप्याने करून दिली आहे, इतकेच. या देण्यास 'अर्पण' म्हणतात. 'दान' हा शब्द त्या मानाने कमी वापरतात. भेद सूक्ष्म आहे, पण महत्त्वाचा आहे. दान देणाऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे होते. अर्पण करणारा असे मानतो की वस्तू मुळात आपली नव्हतीच. आपण तिचे कारभारी होतो. मराठी बायबलात हा 'कारभारी' शब्द वारंवार येतो. धन्याच्या मालाचा हिशेब देण्यास बांधलेला मनुष्य, असा त्याचा अर्थ आहे. धर्मादाय कायदा आम्हांस 'विश्वस्त' म्हणतो. दोन्ही शब्दांचा गाभा एकच आहे असे आम्ही समजतो.

या पद्धतीचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेमेतील ख्रिस्ती लोक हलाखीत होते. पौल या प्रेषिताने मासेदोनिया, अखया, गलतिया या दूरच्या प्रांतांतील मंडळ्यांकडून त्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली. देणारे बहुतेक यहुदीतर होते, घेणारे यहुदी होते, आणि दोघांनी परस्परांस पाहिलेले नव्हते. करिंथ येथील मंडळीस त्याने कळविले की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे. मी आल्यावर ऐन वेळी पैसा गोळा करण्याची धावपळ नको. एवढ्याशा सूचनेत किती व्यवहार भरला आहे पाहा. देणे ठरलेल्या दिवशी व्हावे. ते प्रत्येकाने करावे, केवळ सधनाने नव्हे. ते मिळकतीच्या प्रमाणात असावे. आणि ते भाषण ऐकून, डोळे पाणावून, एकदाच केलेले नसावे.

'मिळकतीच्या मानाने' हे शब्द लासलगावास समजावून सांगावे लागत नाहीत. १९४७ साली स्थापन झालेल्या आपल्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठविली. त्या मधल्या महिन्यांत ट्रॉलीभर लाल कांदा आणून भाडेही सुटले नाही अशी तक्रार घेऊन परतणारे शेतकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा वर्षी ठरावीक रकमेचे बंधन घातलेला देणगीदार एक तर कर्ज काढून देतो, नाहीतर लाजेने यायचा थांबतो. दोन्ही वाईट. मिळकतीच्या प्रमाणात देणारा मात्र कमी देतो आणि मान ताठ ठेवून देतो. चाळीतील उन्हाळ कांद्यास भाव मिळाला की त्याच न्यायाने अधिक देतो. आमच्या मासिक नोंदवहीत भावाचे हे चढउतार थोडेफार उमटतातच. कमी रकमेच्या महिन्यात आम्ही कोणास स्मरणपत्र पाठवीत नाही.

येथे दशांशाचा विषय निघतो. मिळकतीचा दहावा भाग देवाचा, हा प्राचीन इस्राएलचा नियम होता. काही मराठी मंडळ्यांत तो आजही आग्रहाने शिकविला जातो. काहींत तो केवळ मार्गदर्शक मानला जातो. या वादात पडण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचा अनुभव तेवढा नोंदवितो. मजुरीवर जगणाऱ्या बाईस दहावा हिस्सा फार जड जातो, आणि चार गाळे भाड्याने देणाऱ्या गृहस्थास तो कित्येकदा फारच हलका पडतो. येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून श्रीमंतांची मोठी नाणी पाहिली आणि एका विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, आणि तिचे देणे सर्वांहून अधिक ठरविले, ती कथा ख्रिस्ती घरांतील मुलेही जाणतात. मोजमाप हातात उरलेल्या रकमेवरून करावयाचे, असा तिचा सरळ अर्थ आहे. आमची पावती मात्र दिलेल्या रकमेचीच निघते. पावतीपुस्तकाची ही मर्यादा आहे.

ग्रामीण मंडळ्यांतील सुगीची आभारस्तवनाची उपासना ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावी. त्या दिवशी लोक रोख रकमेबरोबर पिकातला वाटा आणतात. बाजरीची पिशवी, मेथीच्या जुड्या, भोपळा, अंडी, क्वचित एखादी कोंबडी. उपासना संपल्यावर या वस्तूंचा लिलाव होतो. आपल्या गावास लिलाव काही नवा नाही. परंतु बाजार समितीत प्रत्येक बोली लावणारा भाव शक्य तितका खाली ठेवण्याच्या प्रयत्नात असतो, आणि येथे तो वर चढविण्याच्या! वीस रुपयांचा भोपळा दोनशेस जातो; घेणारा तो पुन्हा लिलावास परत ठेवतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा विकला जातो. मुले खिदळतात, वडीलधारी माणसे एकमेकांची थट्टा करतात. नाइलाजाने किंवा कुरकुरत देऊ नये अशी जी शिकवण आहे, ती व्यासपीठावरून ऐकण्यापेक्षा या लिलावात अधिक लवकर समजते.

धान्याच्या रूपाने देण्याची रीत दूरच्या ख्रिस्ती समाजांतही आढळते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० च्या सुमारास असा प्रघात पाडला की प्रत्येक जेवणासाठी तांदूळ मोजून घेतले की त्यांतील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावयाची. ते साठलेले तांदूळ मंडळीचे. पैसा नसलेल्या डोंगराळ मुलखात या मुठींवर मोठे काम उभे राहिले आणि ती रीत आजही चालू आहे. आपल्या वाचकांस हे वाचून कर्मवीर भाऊराव पाटील यांचा मुष्टिफंड आठवेल. साताऱ्याकडील घरोघरच्या स्त्रियांनी जात्याजवळच्या मडक्यात टाकलेल्या मूठमूठ धान्यावर त्यांनी वसतिगृहातील मुलांची जेवणे चालविली. कर्मवीर ख्रिस्ती नव्हते. त्या मिझो भगिनींस सातारा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. स्वयंपाकघरातील स्त्रीला कोणाची परवानगी न घेता देता येईल असे एकच माप असते, आणि ते तिची मूठ. दोन्हीकडे तेच माप वापरले गेले, यात आश्चर्य नाही.

गोळा झालेला पैसा वाटणे हे गोळा करण्याहून कठीण असते. यरुशलेमेतील पहिल्याच मंडळीत वाद झाला तो याच कारणाने. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या गटाने तक्रार केली. प्रेषितांनी ती उडवून लावली नाही. विश्वासू अशी सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातीलच माणसे कामावर नेमली गेली. आम्हां विश्वस्तांस हा प्रसंग नेहमी टोचतो. मोफत खाट कोणास द्यावयाची याचा निर्णय ओळखीच्या माणसाच्या शब्दावर होऊ लागला की रुग्णालयाचा दवाखाना न राहता दरबार होतो. म्हणून आपल्याकडे हा निर्णय वैद्यकीय समाजसेविका कागदपत्रे व घरची परिस्थिती पाहून करतात. कोणत्याही विश्वस्ताची चिठ्ठी त्यात चालत नाही. चिठ्ठी न चालल्यामुळे आमच्यापैकी काहींचे स्नेहसंबंध दुरावले आहेत, हेही सांगून टाकतो.

पैशाच्या हिशेबाबाबतही पौलाचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. जमविलेली मोठी रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, आणि कारणही लपविले नाही: या रकमेच्या व्यवस्थेविषयी कोणास बोट दाखविता येऊ नये, व्यवहार देवासमोर चोख असावा आणि माणसांसमोरही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे तो म्हणाला नाही. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या माणसाने हे वाक्य कधीही उच्चारू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजाऱ्यांसाठी स्वतंत्र घर बांधण्याची कल्पनाही या अर्पणातूनच वाढली. कप्पदुकियातील कैसरिया नगराचा बिशप बासिल याने ३७० च्या सुमारास नगराबाहेर गरीब, वाटसरू आणि महारोगी यांच्यासाठी मोठे सेवास्थान उभारले. त्याच्या थोडे आधी होऊन गेलेला सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा विरोधक. त्याने आपल्या पुरोहितास लिहिताना कुरकुर केली की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपण मात्र काही करीत नाही. विरोधकाच्या तोंडची ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

महाराष्ट्रात या परंपरेच्या खुणा आपल्या जिल्ह्यापासूनच सापडतात. नाशिकचे शरणपूर हे आज एका रस्त्याचे व वस्तीचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे मिशनचे आश्रयगाव होते. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे राहून सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणेवाचणे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस उपस्थित होता. नाशकात शिकलेला मुलगा तेथवर पोचला, ही हकिगत आपल्या जिल्ह्यात फारशी कोणास ठाऊक नाही.

रुग्णालयांचा विचार करताना मिरजेचे उदाहरण समोर ठेवावेच लागते. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. जागा संस्थानिकांकडून मिळाली. इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे एक उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा स्नेह व साहाय्य लाभले. १८९७ साली तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. परंतु कॉन्व्हर्स यांची देणगी इमारतीची होती. इमारत उभी राहिल्यावर रोजची मलमपट्टी, रोजचे रॉकेल, परिचारिकांचे वेतन यांसाठी लागणारा पैसा एका देणगीतून येऊ शकत नाही. ऐपतदार रुग्णांनी पूर्ण शुल्क द्यावे आणि त्यातून गरिबांचे उपचार व्हावेत, ही घडी तेथे बसविण्यात आली. आजही या प्रकारच्या बहुतेक रुग्णालयांचा गाडा त्याच रुळावर चालतो.

त्या काळातील मिशन रुग्णालयांत उपचाराबरोबर धर्मोपदेशही चाले, हे लपविण्याचे कारण नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण जमले की आधी प्रार्थना व प्रवचन होई. गांधीजींनी १९३० च्या दशकात यावर स्पष्ट टीका केली: सेवा करा, पण तिच्या पोटात धर्मांतराचा हेतू नको. त्या टीकेत तथ्य होते असे आम्ही मानतो. वेदनेने कळवळणाऱ्या माणसास 'नको' म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते, आणि ज्यास 'नको' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काही किंमत नाही. त्याच वेळी, त्याच डॉक्टरांनी शिवाशिवीच्या काळात सर्व जातींच्या रुग्णांस एका छपराखाली आणले, हेही सत्य आहे. दोन्ही सत्ये एकत्र सांगावी असे आम्हांस वाटते.

परदेशी मिशनचा पैसा स्वातंत्र्यानंतर हळूहळू आटला. त्यानंतर विदेशी अंशदानासाठी १९७६ चा आणि पुढे २०१० चा कायदा आला. २०२० च्या दुरुस्तीने अशी रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतील खात्यात घेण्याचे बंधन आले. आपल्या न्यासाने या कायद्याखाली नोंदणी केलेली नाही. म्हणजे परदेशातून एक रुपयाही आम्हांस घेता येत नाही आणि आम्ही घेत नाही. खिडकीपाशी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: पैसा निफाड, येवला, चांदवड, मनमाड येथून येतो.

कायद्याने प्रत्येक धर्मादाय रुग्णालयावर काही किमान जबाबदारी टाकली आहे, तीही येथे सांगणे योग्य. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या आणि २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळी काढावी लागते. हा कोणाचा उपकार नाही, रुग्णाचा हक्क आहे, आणि नातेवाइकांनी तो मागून घ्यावा. अर्पणातून आलेली रक्कम या किमान मर्यादेच्या पुढे कामास येते. खाट मोफत झाली तरी घरी गेल्यावर दोन महिने चालणारी औषधे मोफत होत नाहीत. सोबत आलेल्या बायकोचे जेवण कोणत्याही योजनेत बसत नाही. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाचे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज, यांवरच पुष्कळदा उपचार सोडून देण्याचा निर्णय होतो. ही गळती लहान रकमांनी बुजविता येते आणि केवळ त्यांनीच बुजविता येते.

मोठ्या देणगीविषयी आमची तक्रार आहे असा समज कोणी करून घेऊ नये. तरी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका दात्याने आम्हांस एक महागडे यंत्र दिले. नामफलक लागला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. पहिले वर्ष हमीचे होते. दुसऱ्या वर्षी वार्षिक देखभालीच्या कराराची रक्कम समोर आली, यंत्र चालविणारा तंत्रज्ञ नाशिकच्या पगारावर निघून गेला, आणि ते यंत्र सतरा महिने झाकून राहिले. दात्यास आम्ही दोष देत नाही. देणगी स्वीकारताना 'हे चालविणार कसे?' हा प्रश्न आम्हीच विचारला नाही. आनंदाच्या भरात विचारण्याचा धीर झाला नाही. त्या सतरा महिन्यांत ज्या रुग्णांस नाशिकला जावे लागले, त्यांच्या भाड्याचा हिशेब आमच्यापाशी नाही. आता यंत्र घेताना देखभालीची तरतूद सोबत आहे की नाही, हे पाहूनच विश्वस्त मंडळ ठराव करते.

पैशाखेरीज मंडळीचे सभासद जे देतात ते जमाखर्चात दिसत नाही. ज्या रुग्णास कोणीही सोबती नाही त्याच्या उशाशी रात्री बसण्यासाठी त्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या आहेत. पाणी देणे, लघवीचे भांडे ठेवणे, सलाईन संपत आले की परिचारिकेस हाक मारणे, पहाटे घरी फोन लावून देणे, एवढेच काम. ते करणाऱ्यांत एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, दोन शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, महाविद्यालयात शिकणारी काही मुले आहेत. आता या पाळ्यांत इतर समाजांतील मंडळीही सामील झाली आहेत; गेल्या रमजानमध्ये तर सहरीच्या वेळेपर्यंतची रात्र दोन मुसलमान तरुणांनी आनंदाने वाटून घेतली. ख्रिस्ती सोबत्यांस आम्ही एक नियम प्रारंभीच सांगतो व तो त्यांनी मनापासून मानला आहे. रुग्णाने स्वतः विनंती केल्याखेरीज त्याच्याजवळ प्रार्थना करावयाची नाही, कोणतीही पुस्तिका ठेवावयाची नाही. मनात मूक प्रार्थना करण्यास अर्थातच कोणी कोणास अडवू शकत नाही!

उदारपणाची दुसरी बाजूही विसरू नये. कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे. १९१७ साली तर त्यांनी मिशनचे वेतनच सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांचा हा त्याग थोरच. पण त्या त्यागाचा संसार चालविला तो लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे'त, हसत हसत का होईना, ती किंमत लिहून ठेवली आहे. म्हणून कोणी अधिक रक्कम घेऊन आला की आमचे खजिनदार अगत्याने विचारतात, "घरी विचारले आहे ना?" एकदा एक गृहस्थ या प्रश्नावर रागावून परत गेले. दुसऱ्या दिवशी पत्नीसह आले, आणि पाकिटातील रक्कम निम्मी झाली होती. ती निम्मी रक्कम त्यानंतर दरवर्षी येत आहे.

आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. 'त्यांना आमच्याकडून काय पाहिजे?' हा प्रश्न आम्ही मासिक देणगीदारांच्या बैठकीत जसाच्या तसा ठेवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक वयस्कर शिक्षिका म्हणाल्या, "त्यांना सांगा, वडिलांच्या गोळ्या चुकवू नका. तेवढंच पाहिजे." त्यावर निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणाले की पावतीवर सवलतीची ओळच छापू नये, माणूस ओशाळतो. यावर मात्र मतभेद झाला. ओळ छापली नाही तर हिशेब अपुरा राहतो आणि रुग्णास आपला हक्क कळत नाही, असे आमच्या लेखापालांचे म्हणणे. आणि ते बरोबर आहे. अखेरीस ओळ ठेवावी, परंतु देयक खिडकीवर मोठ्याने वाचू नये, असे ठरले.

देणगीदारांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस प्राप्तिकरातील सवलत मिळत नाही; ती रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी. नव्या करप्रणालीचा पर्याय निवडलेल्यांस या देणगीची वजावट नाही, हे आपल्या करसल्लागारास विचारून घ्यावे. पावती प्रत्येक रकमेची मिळते, दहा रुपयांचीही.

बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी ठेवलेली पेटी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता उघडली जाते. दोन किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे असतात, आणि मोजताना एक व्यक्ती रुग्णांच्या नातेवाइकांपैकी बसविण्यात येते. त्या दिवशी जे कोणी कक्षात असतील त्यांना विचारले जाते. गेल्या महिन्यात मोजणीस बसलेल्या आजींनी चिल्लर तीनदा मोजली आणि आमच्या बेरजेतील चार रुपयांची चूक दाखवून दिली.